वाचकांचे प्रश्न : जुन्या ट्रकचा बेल्ट, पंखा आणि पाणी

उन्हाळ्यात जुन्या गाड्या तापतात त्याबद्दल मागच्या अंकात चार ओळी लिहिल्या, तर टपालाचा ढीग लागला. कारवाल्यांची पत्रं पुढच्या वेळेसाठी बाजूला ठेवली आहेत. या अंकात फक्त ट्रक आणि पिकअप. नेहमीप्रमाणे पत्रलेखकांची नावं छापत नाही, गाव-मोहल्ला तेवढा छापतो.

प्रश्न : आमच्याकडे १९५१ची शेवरोले पिकअप आहे, अर्ध्या टनाची. आजोबांनी सरकीच्या धंद्यासाठी घेतलेली. इंजिन मूळचंच, २१६ घनइंचाचं, सहा सिलिंडर. बॅटरी सहा व्होल्टची, चार्जिंग डायनमोचं. थंडीत गाडी झकास चालते. मार्च लागला की वर्धा रोडवर दोन-तीन सिग्नलांतच काटा टोकाला जातो आणि झाकणातून पाणी फेकते. गाडी रेस केली की बेल्ट किंचाळतो. गॅरेजवाल्याने यादी करून दिली : अॅल्युमिनियमचा रेडिएटर, इलेक्ट्रिक पंखा, बारा व्होल्टचा अल्टरनेटर, सगळ्यांना मिळून एकच चपटा बेल्ट, आणि जास्त दाबाचं झाकण. एवढं सगळं करायचं का? क्रँकची पुली १६० मिलिमीटरची आहे. फोटो सोबत जोडले आहेत. — महाल, नागपूर

उत्तर : यादीतली एकही वस्तू फालतू नाही. पण गॅरेजवाल्याने ती महागड्यापासून स्वस्ताकडे लिहिली आहे. तुम्ही ती खालून वर वाचा, झाकण तेवढं सोडून; त्याचं पुढे सांगतो. निम्म्या वाटेत गाडी थंड राहायला लागली तर उरलेले पैसे खिशात.

आधी हे समजून घ्या की गाडी जानेवारीत शहाणी आणि मे महिन्यात वेडी का होते. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल ते पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. इंजिनातलं पाणी ९० अंशांवर आहे असं धरा. जानेवारीच्या दुपारी आपल्याकडे हवा २५ अंश, म्हणजे फरक ६५. नवतप्यात हवा ४५, म्हणजे फरकही ४५च. रेडिएटर तोच, पंखा तोच, पण काम जेमतेम सत्तर टक्के. वर सिग्नलला समोरच्या बसचा गरम झोत आणि तापलेलं डांबर. ज्या रेडिएटरच्या एक तृतीयांश नळ्या बुजल्या आहेत तो हिवाळ्यात पास होतो आणि उन्हाळ्यात नापास होतो. म्हणजे दोष उन्हाळ्यात आलेला नाही, तो आधीपासून गाडीत बसलेला आहे. त्याला हुडकायचं.

आता फोटो. तिसऱ्या फोटोत क्रँकच्या पुलीची खाच दिसते आणि खाचेचा तळ लख्ख चकाकतो आहे. तिथेच मला निम्मं उत्तर मिळालं. व्ही बेल्ट पकड घेतो तो दोन्ही बाजूंच्या भिंतींवर. खाचेत तो पाचरीसारखा रुतायला हवा आणि तळाला कधीच टेकता कामा नये. चांगल्या जोडीत बेल्टची पाठ पुलीच्या कडेच्या बरोबरीला किंवा केसभर वर असते. तुमचा बेल्ट आत बुडालेला आहे, आणि टायमिंग कव्हरवर जी काळी भुकटी साचली आहे ती त्याचीच. घरी खात्री करायची असेल तर बेल्टच्या आतल्या, अरुंद कडेला खडू फासा आणि हँडलने इंजिन दोन-चार फेरे फिरवा. खडू पुसला गेला तर बेल्ट तळाला घासतो आहे.

असं दोन कारणांनी होतं. एक, सत्तर वर्षांत पुलीच्या भिंती झिजून खाच रुंद झाली. दोन, आणि आपल्याकडे हेच जास्त, बेल्टच चुकीचा. या शेवरोलेचा बेल्ट रुंद, वरून साधारण १६ मिलिमीटर. दुकानात 'जुन्या गाडीचा द्या' म्हटलं की हातात पडतो तो पिठाच्या चक्कीला लागणारा १३ मिलिमीटरचा ए सेक्शन. लांबी जुळते, बसतोही, अन् मग आतल्या आत घसरत राहतो. तुमच्या इंजिनात वॉटर पंप, त्यावरचा पंखा आणि डायनमो हे तिघं एकाच बेल्टवर आहेत. तो घसरला की पाणी मंद, वारा मंद, चार्जिंगही मंद. बेल्ट किंचाळतो आणि गाडी तापते, ही तुमच्या घरची दोन वेगळी दुखणी नाहीत.

म्हणून पहिलं काम : पुली काढून चांगल्या लेथवाल्याकडे न्या. खाचेचा कोन गेजने तपासून दोन्ही भिंतींवरून हलका कट घ्यायला सांगा. ही पुली बॅलन्सरसोबत असते, तेव्हा तिच्यावर वेल्डिंगचा भर टाकून पुन्हा कापायचा उद्योग कोणी सुचवला तर नमस्कार करून निघा. झीज फार असेल तर दुसरी पुली शोधा. मग खरोखरच्या रुंदीचा, आतून दाते असलेला बेल्ट घ्या. दातेरी बेल्ट लहान पुलीवर सहज वळतो आणि कमी तापतो. ताण किती? सगळ्यात लांब पट्ट्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे. गाडी तासभर चालवून पुन्हा तपासा, नवा बेल्ट पहिल्या तासात ढिला होतोच. किंचाळतो म्हणून तारेसारखा ताणणारे मिस्त्री मी हिंगण्याच्या एसटी वर्कशॉपात भरपूर पाहिले. त्याने आवाज बंद होतो आणि पंपाचं बेअरिंग बोलायला लागतं.

बेल्ट बसवताना तिन्ही पुल्या एका रेषेत आहेत का, तेही पाहा. सरळ पट्टी पुल्यांच्या तोंडाला लावायची. फुटाला दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. फरक असेल तर डायनमोच्या ब्रॅकेटखाली वॉशर घालून तो काढता येतो.

दुसरं काम हवेचं. तुमच्या पहिल्या फोटोत पंखा उघडाच फिरतो आहे, भोवती श्राउड, म्हणजे हवा रेडिएटरमधूनच ओढायला लावणारं पत्र्याचं कडं, नाही. गाडी पळत असते तेव्हा हवा आपसूक येते, पण सिग्नलला उभं राहिल्यावर उघडा पंखा समोरून हवा खेचण्याऐवजी कडेकडेची, इंजिनावरून आलेली गरम हवाच पुन्हा फिरवत बसतो. कूलरची एक जाळी उघडी टाकली की खसातून वारा येत नाही, तसंच हे. अठरा गेजच्या पत्र्याचा श्राउड कुठलाही चांगला पत्राकाम करणारा एका दिवसात वाकवून देतो. पात्यांची टोकं आणि पत्रा यांत २० ते २५ मिलिमीटर जागा ठेवा, कारण रबरी माउंटिंगवर इंजिन हलतं. पातं अर्धं श्राउडच्या आत, अर्धं बाहेर. आणि पात्यांच्या मुळाशी रिव्हेटजवळ बारीक तडा आहे का ते उजेडात निरखून पाहा. तडा दिसला तर पंखा भंगारात. वेल्डिंग करून पुन्हा लावायचा नाही. सुटलेलं पातं रेडिएटर फाडतं, आणि बॉनेट उघडं असेल तर माणूसही.

तुमच्या घरी सरकीचा धंदा होता म्हणून एक विचारतो : रेडिएटरच्या पापुद्र्यांत कापसाची कुसं अडकलेली नाहीत ना? समोरून दिसत नाहीत, मध्ये बसतात. इंजिनाच्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने, बाहेरच्या दिशेला धुवा.

एवढं झाल्यावरही तापली तर मोजमाप करा. टेम्परेचर गन आता स्वस्तात मिळते. करोनात कपाळावर रोखायचे ती नव्हे. तिची झेप अंगातल्या तापापुरतीच. पितळेच्या चकाकीवर गन चुकीचं वाचते, म्हणून जिथे मोजायचं तिथे काळी चिकटपट्टी लावा. गाडी गरम करून वरच्या टाकीवर आणि खालच्या टाकीवर मोजा. दोन्हींत फरक पाच ते दहा अंशांचा असेल आणि दोन्ही तापलेल्या असतील, तर पाणी नीट फिरतं आहे, हवा कमी पडते. फरक वीसच्या पुढे गेला तर पाणी रखडतं आहे : पंप, बुजलेल्या नळ्या किंवा चिकटलेला थर्मोस्टॅट. मग मधल्या भागावर काळ्या पट्ट्या लावत आडवी गन फिरवा. जिथे मध्येच थंड टापू लागेल तिथल्या नळ्या बंद आहेत. खालचा होज पाइपही पाहा. तो पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो आणि आतली स्प्रिंग गंजून गेली असेल तर रेस केल्यावर चिपटतो. उभ्या गाडीत तो अगदी ठणठणीत दिसतो, म्हणून दुसऱ्याला रेस करायला सांगून पाहा.

रेडिएटर अॅल्युमिनियमचाच हवा का? नव्या अॅल्युमिनियमच्या रेडिएटरमध्ये नळ्या रुंद असतात, दोन ओळींतही भरपूर उष्णता टाकतो, वजनाला हलका. पण जुन्या ट्रकची चॅसिस वळवळते. रबरावर टेकवला नाही तर सांध्यात चिरतो आणि तो चिरला की रस्त्यावरचा रेडिएटरवाला हात वर करतो. तांब्या-पितळेला डाग (सोल्डर) द्यायला मात्र वाडीपासून कळमन्यापर्यंत माणूस मिळेल. माझं मत विचाराल तर तुमच्या मूळच्या टाक्या ठेवून मध्ये नवा तांब्याचा कोअर, म्हणजे नळ्या-पापुद्र्यांचा मधला भाग, बसवून घ्या. समोरून गाडी जशीच्या तशी दिसेल. हे काम पावसाळ्यात काढा, एप्रिल-मे मध्ये चांगल्या रेडिएटरवाल्याकडे नंबर लागत नाही.

झाकणाबद्दल सांभाळून. दाब एक पाउंड वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण दीड-पावणेदोन अंशांनी वर जातो. सात पाउंडाच्या झाकणाने तो ११० अंशांच्या वर नेता येतो, हे खरं. पण त्या काळचे रेडिएटर बिनदाबाचे किंवा फार तर चार पाउंडांचे. आजच्या कारचं तेरा-पंधरा पाउंडाचं झाकण जुन्या डागाच्या टाकीवर लावलं तर टाकीचा सांधा उसवेल. नवा कोअर टाकताना रेडिएटरवाल्याला दाब आधी सांगा, मगच झाकण बदला. आणि झाकणाने उकळणं लांबतं, उष्णता कमी होत नाही.

आता डायनमो-अल्टरनेटर. दोन्ही बॅटरी चार्ज करणारी यंत्रं, डायनमो जुन्या काळचा, अल्टरनेटर नंतरचा. डायनमो आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन मंद असताना, जवळजवळ काहीच देत नाही. म्हणून गॅरेजवाल्याच्या यादीतला इलेक्ट्रिक पंखा डायनमोवर लावला तर नेमका जाममध्ये, जेव्हा त्याची गरज आहे तेव्हाच, तो बॅटरी खातो. सोळा इंची पंखा बारा व्होल्टवर वीस अँपिअरच्या घरात ओढतो, सुरू होताना त्याहून जास्त. तेव्हा इलेक्ट्रिक पंखा हवाच असेल तर अल्टरनेटर आधी, पंखा नंतर, मध्ये रिले आणि फ्यूज. श्राउड लावून तुमचं भागेल असा माझा होरा आहे, त्यामुळे पंख्याचा खर्च मी अडवून ठेवीन.

अल्टरनेटर मात्र लावावा, हेडलाइटसाठी तरी. लुकास-टीव्हीएसचा जीप-ट्रॅक्टरवर येतो तसला साधा घ्या. त्याची मूळ पुली काढून तुमच्या रुंद बेल्टची, ६८ मिलिमीटरच्या आसपासची पुली लेथवर करून घ्या. क्रँक १६० आणि ही ६८, म्हणजे गुणोत्तर २.३५. इंजिन ५०० फेऱ्यांवर आयडल असताना अल्टरनेटर १,१७५ फेरे फिरतो, चार्जिंगच्या उंबरठ्यावर. इंजिन ३,३०० वर नेलं तरी तो आठ हजारांच्या आत राहतो, त्याला काही होत नाही. पुली याहून लहान करण्याचा मोह टाळा. लहान पुलीला बेल्टचा वेढा कमी पडतो आणि घसरण पुन्हा सुरू. अल्टरनेटर फुकट फिरत नाही हेही लक्षात असू द्या : ६० अँपिअर गुणिले १४ व्होल्ट म्हणजे ८४० वॉट. कार्यक्षमता साठ टक्के धरली तर बेल्टकडून तो १,४०० वॉट, जवळपास दोन हॉर्सपॉवर ओढतो. झिजलेल्या पुलीवर हा भार टाकला असता तर काय झालं असतं ते तुम्हीच ताडा.

बारा व्होल्ट केल्यावर सगळे बल्ब, हॉर्न आणि कॉइल बदलावी लागेल, इंधनाच्या काट्याला व्होल्टेज उतरवणारा तुकडा लागेल. स्टार्टर सहा व्होल्टचाच राहिला तरी चालतो, फक्त सेल्फ मारताना लांबवू नका. आणि अल्टरनेटरची वायर डॅशबोर्डवरच्या जुन्या अँपिअर मीटरमधून नेऊ नका. तो तीस अँपिअरचा आहे. साठ गेले की डॅशबोर्डमागून धूर. दहा चौरस मिलिमीटरची केबल फ्यूजसह थेट बॅटरीकडे, आणि मीटरच्या जागी किंवा जवळ छोटा व्होल्टमीटर.

इग्निशनचं टायमिंग मागे पडलं असेल तरी इंजिन तापतं, ते या सगळ्याच्या आधी दहा मिनिटांत पाहून घ्या. या २१६ मध्ये कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांत बॅबिट हा मऊ धातू ओतलेला असतो आणि त्यांना पूर्ण दाबाने तेल मिळत नाही, डिपर म्हणजे रॉडखालचे चमचे तेल झेलतात. वारंवार उकळवणं आणि समृद्धीवर पळवणं, दोन्ही तिला सोसत नाही.

प्रश्न : माझा जुना टाटा १२१० पाण्याचा टँकर आहे. मिस्त्रीने 'नागपुरात थर्मोस्टॅट लागतच नाही' म्हणून काढून टाकला. त्यानंतर गाडी आधीपेक्षा जास्त तापते. हे उलटं कसं? — वाडी

उत्तर : उलटं नाही, भाऊ, अगदी सरळ आहे. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी करार करून ट्रक काढले आणि पुढची इंजिनंही त्याच घराण्यातली राहिली. अशा इंजिनांचा थर्मोस्टॅट हातात घेऊन पाहा. वरच्या झडपेखाली आणखी एक चकती दिसेल. इंजिन थंड असताना पाणी रेडिएटरकडे न जाता बायपासमधून गोल फिरतं. गरम झालं की वरची झडप उघडते आणि तीच खालची चकती बायपासचं भोक बंद करते. म्हणजे एकाच वेळी एक दार उघडतं, दुसरं लागतं. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा. पाणी आळशी असतं, सोपी वाट धरतं. बरंचसं रेडिएटरचं तोंड न बघता पंपाकडे परत येतं.

नवा थर्मोस्टॅट आणा, पण बसवण्याआधी घरच्या पातेल्यात, पाण्यात दोऱ्याने लटकवून तापवा. त्यावर कोरलेल्या अंशांवर उघडायला सुरुवात झाली पाहिजे. पातेल्याच्या तळाला टेकू देऊ नका. खालची चकती नसलेला, नुसता 'बसतो' म्हणून दिलेला तुकडा परत करा. थंडीत काढून ठेवावा का, असंही तुम्ही खाली लिहिलं आहे. नाही. डिझेल इंजिन गार चाललं की तेलात ओल धरते, काळा चिखल होतो आणि लायनर लवकर झिजतात.

प्रश्न : पर्किन्स इंजिनाची फार्गो आहे. परदेशातून चपट्या, रेघांच्या बेल्टचा पूर्ण संच मागवायचा विचार आहे : पुल्या, टेन्शनर, पंप सगळं. लोक म्हणतात एकदा लावलं की बेल्टकडे बघावं लागत नाही. — कामठी

उत्तर : तो बेल्ट चांगलाच असतो. त्यावर ६ पीके १२०० असं काही छापलेलं असतं : सहा रेघा, लांबी १,२०० मिलिमीटर. रेघांमधलं अंतर ३.५६ मिलिमीटर. पातळ असल्यामुळे तो पाठीकडूनही वळतो, आपोआप ताण धरणारा टेन्शनर असतो, आयुष्य लांब. पण पुल्या अगदी काटेकोर रेषेत हव्यात. व्ही बेल्ट जितकं तिरकं खपवून घेतो तितकं हा घेत नाही, रेघ चढतो आणि उडतो.

खरा धोका वेगळाच आहे. या संचांत बरेचदा वॉटर पंप बेल्टच्या पाठीवर फिरतो, म्हणजे उलट्या दिशेने. त्यासाठी पंपाचं आतलं चक्रही उलट्या पात्यांचं असतं. तुमचा जुना पंप ठेवून पाठीवर फिरवला, किंवा नवा पंप जुन्या पद्धतीने फिरवला, तर पाणी फिरतं पण निम्म्या जोराने. बाहेरून काही गळत नाही, काही वाजत नाही, गाडी मात्र तापते. रेडिएटर बदलून, हेड उघडूनही दोष सापडत नाही. पंपावर पंखा असेल तर तोही वारा उलटा फेकणार. पैसे पाठवण्याआधी विक्रेत्याला एकच गोष्ट विचारा : पुढून पाहिलं तर पंप घड्याळाच्या दिशेने फिरतो की उलट?

मी असतो तर डबल खाचेच्या पुल्या करून जोडीचे दोन व्ही बेल्ट टाकले असते. एक तुटला तरी दुसऱ्यावर कामठीला परत येता येतं. मात्र दोन्ही एकाच वेळी, एकाच लॉटचे घ्या. एक नवा एक जुना लावला की नवाच सगळं ओढतो.

प्रश्न : हिंदुस्थान मोटर्सची बेडफर्ड, पेट्रोल. बॅटरीचा प्लस चॅसिसला लावलेला आहे. अल्टरनेटर आणून ठेवला आहे, लावू का? — भंडारा

उत्तर : तसाच लावला तर पहिल्याच ठिणगीत डायोड जातील. आधी गाडी मायनस अर्थ करा. बॅटरी उलटी बसवा, कॉइलच्या दोन बारीक वायरी आपसांत बदला, अँपिअर मीटरच्याही. स्टार्टरला हात लावू नका. त्यातलं चुंबक तारेच्या गुंडाळीचं असल्याने तो आधीसारखाच फिरतो. बल्बांना फरक पडत नाही. जुना रेडिओ असेल तर तो सोडवून ठेवा. अल्टरनेटर चालू असताना बॅटरीची टर्मिनल काढून 'चार्जिंग बघायची' सवय असलेला मिस्त्री असेल तर त्याला चहा प्यायला पाठवा आणि काम स्वतः करा. पुढे कधी बॉडीला वेल्डिंग करायचं झालं तर अल्टरनेटरच्या वायरी आधी सोडवायच्या.

प्रश्न : सासऱ्यांची जुनी पिकअप आता मी चालवते. रेडिएटरमध्ये आमच्याकडे कायम बोअरचं पाणी घालतात. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असं घरात म्हणतात. — धरमपेठ

उत्तर : घरच्यांना सांगा, बर्फाचा प्रश्नच नाही. उष्णता वाहून न्यायला नुसतं पाणी कूलंटपेक्षा सरस आहे, इतपत त्यांचं बरोबर. पण बोअरच्या पाण्यात क्षार. तुमच्या गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच इंजिनाच्या पाण्याच्या वाटांत बसतो, आणि तो थर उष्णता अडवतो. कूलंटमधलं औषध गंज थांबवतं, पंपाचं सील टिकवतं, आणि त्यातल्या ग्लायकॉलमुळे पाणी थोडं उशिरा उकळतं. आपल्या हवेला एक भाग कूलंट, दोन भाग डिस्टिल्ड पाणी पुरे. निम्मंनिम्म करण्याची गरज नाही.

रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, निळं हे कंपनीच्या मर्जीवर आहे. डब्याच्या मागे वाचा आणि तांबं-पितळ-डाग असलेल्या जुन्या रेडिएटरला चालेल असं लिहिलं असेल तेच घ्या. दोन जातींची भेसळ नको. पहिल्यांदा घालण्याआधी रेडिएटर आणि ब्लॉकचा नळ, दोन्ही उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. सत्तर वर्षांचा गाळ हलला की एखादी पिनहोल गळायला लागेल. ती गाळाने बुजलेली होती, कूलंटने पाडलेली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे घरात कूलंटच्या नावाने बोटं मोडली जाणार नाहीत. आणि कूलंट जमिनीवर सांडू देऊ नका, गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात आणि दगावतात.

प्रश्न : गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची आहे. अल्टरनेटर, नवा कोअर असलं काही केलं तर नोंदणी मिळेल का? — इतवारी

उत्तर : केंद्राने २०२१ मध्ये नियम आणले. ५० वर्षांपेक्षा जुनी, धंद्यात नसलेली, मूळ स्वरूपातली दुचाकी किंवा चारचाकी, जिच्या चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नाही, ती व्हिंटेज. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. आधीच नोंदलेली गाडी जुना नंबर ठेवू शकते. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं यासाठीच रस्त्यावर आणायची, रोज कॉटन मार्केटला न्यायची नाही.

बोल्टने बसणारा आणि बोल्टने निघणारा अल्टरनेटर माझ्या समजुतीने 'मोठा बदल' म्हणता येत नाही, पण तपासणाऱ्याच्या डोळ्याला मूळचा डायनमो दिसलेला बरा. म्हणून ब्लॉकला नवं भोक पाडू नका, ब्रॅकेट मूळच्याच भोकांवर करा. काढलेला डायनमो, त्याचं चार्जिंग जोडणारं-तोडणारं कटआउट, त्याची पुली आणि ब्रॅकेट ग्रीस लावून, कागदात गुंडाळून, वर चिठ्ठी चिकटवून ठेवा. तपासणीच्या आदल्या दिवशी बसवायचं झालं तर अर्ध्या दिवसाचं काम आहे. मात्र वायरिंग बारा व्होल्टची केली असेल तर सहा व्होल्टचा डायनमो नुसता दिसायला बसेल, त्याची जोडणी करू नका.